तेवीस किलोंत न बसलेला गोप्या

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला सगळे विचारतात, तिकडे काय काय पाहिलंत. मी तिकडे एक किल्ला पाहिला, नदी पाहिली, वेळेवर येणारी ट्राम पाहिली. पण खरं सांगायचं तर या सबंध प्रवासात मी सर्वांत जास्त पाहिली ती माझी बॅग. तिचं वजन, तिची चाकं, तिची चेन. ती आता तळेगावच्या घरात माळ्यावर पडली आहे. तिचं एक चाक तुटलं आहे आणि खालच्या अंगाला अजून पवनेच्या माशांचा वास येतो.

जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या गावात आमची मुलगी मुक्ता राहते. तिला मुलगी झाली. जावयाचे आईवडील बाळंतपणासाठी आधी जाऊन आले. बारशाला आम्ही जायचं असं ठरलं, आणि आमचा व्हिसा येईपर्यंत बारसं थांबवून ठेवलं. विमान कंपनीचा नियम असा होता : माणशी एक मोठी बॅग तेवीस किलोंची आणि हातातली एक छोटी, सात किलोंची. मी आणि माझी बायको शैला, म्हणजे दोन मोठ्या, दोन छोट्या. यात न समजण्यासारखं काही नाही. मावळातून निघणाऱ्या माणसाचं हा साधा नियम काय करतो, तेवढंच मी सांगणार आहे. विमानात काय जेवण मिळालं, ते इतरांनी लिहिलेलं आहे.

तळेगाव

मी एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर, हे माझं काम. त्यामुळे बॅग भरणं हा माझा विषय आहे असं मी घरात जाहीर केलं होतं. त्यासाठी कितीतरी व्हिडिओ पाहिले. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, वळकट्या करायच्या. मोजे बुटांत, चार्जर मोज्यांत. जड सामान चाकांच्या बाजूला. शिवाय हवा काढायच्या पिशव्या मागवल्या. त्यात स्वेटर घालायचे, चेन लावायची, छोट्या पंपाने हवा ओढायची, की जाडजूड स्वेटरचा पापड होतो. चार स्वेटरांचे पापड एकावर एक ठेवले तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला थोडी लाज वाटते.

शैला पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, "तुम्ही बॅग भरताय की मशीन जोडताय?"

"जागा वाचते."

"आक्कांच्या सामानाला ठेवलीय ना?"

"ठेवली आहे. दीड किलो."

यावर ती नुसती हसली. त्या हसण्याचा मला राग आला, कारण ती बरोबर होती.

आक्का माझी मोठी बहीण, तिकोणा पेठेत राहते. मेहुणे लवकर गेले तेव्हा ती माहेरी परत आली, आणि आईवडिलांचं सगळं दुखणंखुपणं तिनेच काढलं. भातशेती तिने राखली. मी नोकरीसाठी तळेगावला आलो तो इथलाच झालो आणि दरवर्षी तांदळाचं पोतं तेवढं आणत राहिलो. मुक्ताची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी आक्काकडे गेली आहे. त्यामुळे होतं असं, की आक्कासमोर मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलं की शैलाकडे बघता येत नाही.

बेत असा ठरला. सगळं सामान घेऊन आक्काकडे जायचं, एक रात्र राहायचं. दुसऱ्या दिवशी शैलाचा धाकटा भाऊ नंदू गाडी घेऊन येईल आणि आम्हाला लोणावळ्याला त्याच्या घरी नेईल. तिसऱ्या दिवशी तोच आम्हाला मुंबईच्या विमानतळावर सोडेल. निघताना मी तीन वाक्यं पाठ केली होती : आक्का, तुझा आशीर्वाद पुरे. आक्का, तिकडे सगळं मिळतं. आक्का, नियम आहे.

तिकोणा पेठ

कामशेतला जीपमध्ये बसताना पहिला वाद झाला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, बॅगा वर टाकतो."

"वर नको, चाकं नाजूक आहेत."

"मग तुमी वर बसा, बॅगा आत घेतो."

सगळी जीप हसली. बॅगा वर गेल्या, एका बाजूला पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या बाजूला कोंबडीखाद्याची पोती. पवनानगरला दुसरी जीप धरली. पेठेत उतरवताना एका बॅगेचं एक चाक गेलं. ड्रायव्हरने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "जपून ठेवा, तिकडं बसवून देतील."

मार्गशीर्ष चालू होता. भात काढून झालं होतं, खाचरांत नुसते खुंट राहिले होते, आणि पेंढ्याच्या गंजी घराघरांपुढे उभ्या होत्या. वर तिकोणा किल्ल्याचं टोक ऊन खात बसलं होतं. खाली पवना धरणाच्या काठाने मोकळ्या जागेत रंगीत तंबूच तंबू. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तिथे झोपायला येतात. आमच्या लहानपणी जिथे म्हशी बसायच्या तिथे. मला हे दृश्य एरवी आवडतं, पण त्या दिवशी मी तीन चाकांची बॅग मुरमाच्या रस्त्याने ओढत होतो, त्यामुळे फारसं बघितलं नाही.

आक्का दारातच होती. तिने आम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बॅगांकडे बघून म्हणाली, "एवढ्याशाच?"

चहा झाला. मग ती आतून एकेक आणू लागली. नवीन इंद्रायणी तांदूळ. कुळथाचं पीठ. काळा मसाला. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, अळीव. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबरं विमानात नेता येत नाही हे मी वाचलं होतं, म्हणून मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "खोबरं चालत नाही, आक्का. पेट घेतं."

"मग चूल लावायची न्हाई इमानात," आक्का म्हणाली आणि वाट्या बाजूला ठेवल्या. माझा तेवढा एकच विजय झाला.

दाखवायचं म्हणून मी बॅग उघडली. हवा काढलेल्या एका पिशवीची चेन जीपच्या दणक्यांनी सुटली होती. स्वेटर पुन्हा स्वेटर झाले होते आणि आता बॅग बंद होईना. मी पंप काढून पुन्हा हवा ओढू लागलो. आक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"हवा काढली की कापडं ल्हान व्हत्यात व्हय?"

"हो."

"आन वजन?"

"वजन तेवढंच राहतं."

"मग येवडा आटापिटा कशापायी?"

मी तिला जागा आणि वजन यातला फरक समजावून सांगू लागलो. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तेवढ्यात शैलाच्या बॅगेत लाडवांचा डबा जाऊन बसला होता.

मग आक्का उठली, देवघराशी गेली आणि दोन्ही हातांनी काहीतरी घेऊन आली. पिवळ्या टोपड्या-झबल्यात गुंडाळलेलं, दुपट्ट्यात ठेवलेलं. मला क्षणभर वाटलं शेजारणीचं मूल आणलं. तो वरवंटा होता.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळ घालण्याआधी घरच्या पाट्यावरचा वरवंटा बाळासारखा नटवतात. त्याला गोप्या म्हणतात. देवाचं नाव घेत बायका तो एकमेकींच्या हातात देत पाळण्याच्या वरून, खालून फिरवतात. बाळावर काही यायचं असेल ते दगडावर जावं, असा त्यात हेतू. मग बाळ फिरवतात. आमच्या घरचा गोप्या काळा कुळकुळीत, मधोमध झिजून किंचित कमरेत गेलेला. मी त्याच्या मागून फिरलो आहे, मुक्ताही फिरली आहे. मुक्ताच्या बारशाला नाव ठेवलं ते आक्कानेच, आत्याचा मान म्हणून.

मी हातात घेऊन पाहिला. माझा अंदाज चुकत नाही. साडेतीन किलोंच्या वर.

"आक्का, तिकडे दगड मिळतात."

"मिळत असतील. ह्यो मिळंल का?"

"नियम आहे."

"मुक्तानं मागवलाय," आक्का म्हणाली. "जावयाला बहीण न्हाई. मग आत्या कोन, म्हून इच्यारलं मी. ती म्हनली, आत्या तूच, फोनवरनं नाव ठेव, आन बाबांबरूबर गोप्या पाठव. दुसरं कायबी नको म्हनली."

मी शैलाकडे पाहिलं. "मला म्हणाली होती," शैला म्हणाली. "तुम्ही तेव्हा वळकट्या करत होतात. मी सांगितलं, तुम्ही हं हं केलंत."

आक्काने गोप्याचं टोपडं सरळ केलं. "मला काय येतंय बाळू. पासपोट न्हाई, काय न्हाई. गुरं कोन बघंल. ह्यो जाऊ दे माझ्या जागी. वजन लय झालं तर लाडू काढ, तांदूळ काढ, काय बी काढ. ह्येला काढू नको."

मी हो म्हणालो. पाठ केलेली तिन्ही वाक्यं कुठे गेली ते मला आजही माहीत नाही.

पवनानगर

नंदू सकाळी आला. नंदू लोणावळ्यात भाड्याने द्यायच्या बंगल्यांची व्यवस्था बघतो आणि जगात कुठल्याही गोष्टीने घाबरत नाही. त्याने बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "दाजी, ह्यात आक्का बसलीय का?"

माझ्याकडे बॅग अडकवून तोलायचा हातातला काटा होता. तो आक्काच्या आढ्याला टांगला तेव्हा आधी तेहेतीस दाखवले, मग अकरा, मग काहीच दाखवेना. सेल संपला की काटाच गेला कळलं नाही. वजन न करता लोणावळ्याला जाणं मला शक्य नव्हतं. पवनानगरच्या नाक्यावर धरणातले मासे विकायला बसतात तिथे एक मोठा जमिनीवरचा काटा दिसला. मी गाडी थांबवायला लावली.

काट्याची मालकीण मावशी टोपलीत पाणी मारत होती. मी विनंती केली. ती म्हणाली, "ठिवा की. मासं हायेत का आत?"

"नाही, कपडे आहेत. परदेशी चाललोय."

"मग मासंच न्यायचं. कापडं तिकडं मिळत्यात."

पहिली बॅग सव्वीस, दुसरी सत्तावीस. मी तिथेच, ओल्या शहाबादी फरशीवर, दोन्ही बॅगा उघडल्या. गिऱ्हाइकं भोवती उभी राहिली. एकाने विचारलं, "भाऊ, घर सोडलं का?" शैला गाडीतून उतरायला तयार नव्हती. मी तांदूळ काढला, पीठ काढलं, लाडवांतले निम्मे काढले आणि नंदूच्या डिकीत टाकले. गोप्या काढला नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढे ज्या गोष्टी झाल्या त्यांत मी चांगला दिसत नाही.

मावशीने बॅगेखालून पाणी पुसायला फडकं दिलं. ते फडकं माशांचंच होतं.

लोणावळा

दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला जाताना ऊन सुरेख पडलं होतं आणि खाली धरणाचं पाणी लांबवर चकाकत होतं. नंदू म्हणाला, "दाजी, बघा तरी." मी मोबाइलवर केबिन बॅगेचे नियम वाचत होतो.

लोणावळ्याच्या माणसाकडून परदेशी जाणाऱ्याने चिक्की नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं. नंदूच्या घरी चिक्कीची पाकिटं आधीच टेबलावर रचलेली होती. शेंगदाण्याची, तिळाची, राजगिऱ्याची. वर नंदूच्या बायकोने शैलाची ओटी भरली : साडी, तांदूळ, नारळ. मी म्हणालो, "नारळ नको, वजन होतं." ती इतकी दुखावली, की शैलाने नारळ पदरात घेतला आणि आत जाऊन फ्रीजवर ठेवला. नंदूच्या बायकोला तो दोन दिवसांनी सापडला असणार. तिने अजून काही विचारलेलं नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

संध्याकाळभर मी नंदूच्या हॉलमध्ये बॅगांपुढे बसलो होतो. त्याच्याकडे स्नानगृहात ठेवायचा माणसांचा काटा होता. मी बॅग उचलून काट्यावर उभा राहायचो, मग बॅग ठेवून एकटा उभा राहायचो, आणि वजाबाकी करायचो. शेवटी दोन्ही मोठ्या बॅगा अगदी काठोकाठ तेवीसला आल्या. कोपरा न् कोपरा भरलेला, एकही पोकळी नाही. मी नंदूला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "सुंदर. पण गोप्या कुठाय?"

गोप्या सोफ्यावर होता, टोपडं घालून.

"तो हातातल्या बॅगेत जाईल," मी म्हणालो. "ती बॅग सहसा कोणी तोलत नाही."

शैला म्हणाली, "अहो, माझ्या दोन साड्या आणि तुमचे ते स्वेटर काढा. मोठ्या बॅगेत ठेवून द्या त्याला. उगाच नको."

"आता मांडणी मोडायची नाही," मी म्हणालो.

हेच शब्द वापरले मी. मांडणी.

खंडाळा

दुसऱ्या दिवशी मुंबईकडे जाताना नंदूला खंडाळ्याला एका बंगल्याची किल्ली पाहुण्यांना द्यायची होती. पाहुणे म्हणजे पंचविशीतली आठ-दहा मुलं, एका रात्रीसाठी आलेली. त्यांच्या गाड्यांतून गाद्या निघाल्या, स्पीकर निघाले, कोळशाची पोती, बर्फाच्या पेट्या, एक गिटार, दोन कुत्री. मी ओट्यावर बसून बघत राहिलो. त्यांच्या कोणाच्याही कपाळावर आठी नव्हती. काय लागेल ते घ्यायचं आणि गाडीत कोंबायचं. माझा जीव जळला.

वेळ होता म्हणून मी घरून आणलेला प्लास्टिकच्या फिल्मचा रोल काढला आणि बॅगांना गुंडाळू लागलो. चेन उघडू नये, ओरखडे पडू नयेत, म्हणून असं करतात. नंदूने एका बाजूने बॅग धरली, मी फेऱ्या मारल्या. पाहुण्यांतली एक मुलगी मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढत होती.

"दाजी, बाजारातल्या फ्लॉवरसारखं झालं बघा," नंदू म्हणाला. "आता तिकडं जाऊनच सुटायचं."

मला ते समाधानकारक वाटलं. घाट उतरताना दरीकडेला ठिकठिकाणी माणसं उभी राहून फोटो काढत होती. मी पायांशी हातातली बॅग धरून होतो. वळणावर ती जड होऊन घोट्यावर यायची.

विमानतळ

आम्ही दारातून आत शिरताना नंदू म्हणाला, "बॅगा गेल्या की फोन करा, तोवर थांबतो." मावळात सोडायला आलेला माणूस गाडी हलल्याशिवाय जात नाही. विमान त्याला दिसणार नव्हतं, तरी तो थांबला.

काउंटरवरची मुलगी मराठी होती. मोठ्या बॅगा पट्ट्यावर गेल्या : तेवीस आणि तेवीस. तिने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाली, "काका, हातातल्याही ठेवा."

शैलाची सहा भरली. माझी अकरा.

"काय आहे यात एवढं?"

मी बॅग उघडली. वरती टोपडं दिसलं. मुलगी दचकली, मग वाकून पाहिलं. "अय्या, गोप्या?"

"बारशाचा आहे," मी म्हणालो. "नातीच्या."

"आमच्याकडे आजीच्या घरचा आहे." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पण काका, हा केबिनमध्ये नाही जाणार. वजन तर आहेच, पण दगड आहे. सिक्युरिटीला थांबवतील, आणि तिथे काढून घेतला तर परत मिळायचा नाही. मोठ्या बॅगेत टाका."

"तिथे तेवीस पूर्ण आहेत."

"मग काढा ना काहीतरी. मी थांबते, करा बाजूला उभे राहून."

मागे रांग होती. पाठीवर मूल बांधलेली एक बाई, तिच्यामागे गोल्फच्या पिशव्यांचे दोन साहेब. शैला म्हणाली, "अहो, उघडा. साड्या काढा. मी नंदूकडे देते."

मी बॅगेकडे पाहिलं. फिल्म इतकी घट्ट बसली होती की तिच्यात दिव्यांची प्रतिबिंबं दिसत होती. ती फाडावी लागणार. आत एक वळकटी काढली की शेजारची सुटणार, हवेच्या पिशव्या सरकणार, सगळं सगळ्यांसमोर बाहेर येणार, पवनानगरसारखं. आणि मी म्हणालो, "राहू दे. गोप्या परत पाठवू."

"काय?" शैला म्हणाली.

"तिकडे काहीतरी करू. लाटणं घेऊ."

ती काही बोलली नाही. आमच्या संसारात ती चिडते तेव्हा बोलते. बोलत नाही तेव्हा ते चिडणं नसतं.

दारावरच्या जवानाला विनंती केली, नंदूला काचेशी बोलावलं आणि दुपट्ट्यासकट गोप्या त्याच्या हातात दिला. नंदूने तो खांद्यावर घेतला, मूल घेतात तसा. "दाजी, पोराला इथंच टाकून चाललात होय?" मग माझा चेहरा पाहून गंभीर झाला. "आक्काला काय सांगू?"

"सांग, विमानवाल्यांनी सोडलं नाही."

मुक्ताचं घर

मुक्ताने दारात आधी मला मिठी मारली आणि मग विचारलं, "बाबा, गोप्या?"

मी विमानवाल्यांचं सांगितलं. "बरं," ती म्हणाली. शैला हात धुवायला आत निघून गेली.

बाळ पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही. सगळ्या आजोबांना सारखंच वाटत असणार. मग बॅगा उघडल्या. फिल्म कात्रीने कापली. एकही सुरकुती नाही, एकही डबा फुटलेला नाही. जावयाने खरोखर कौतुक केलं. मुक्ता म्हणाली, "पण बाबा, इतके स्वेटर कशाला? तुमच्या दोघांसाठी मी मैत्रिणीकडून इथले जाड कोट आणून ठेवलेत. घरात तर हीटर असतो." स्वेटरांचे ते पापड आम्ही परत निघेपर्यंत पापडच राहिले. त्यांचं वजन चार किलोंच्या आसपास होतं. हे मी नंतर करून पाहिलं. करायला नको होतं.

तिथली माणसं सामानाच्या बाबतीत वेगळी आहेत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बाळाला बघायला आल्या त्या एका छोट्या कागदी पुडीत लोकरीच्या मोज्यांचा जोड घेऊन. बस्स. मुक्ताने आमच्या चिक्कीची तीन पाकिटं त्यांच्या हातात दिली तेव्हा त्या घाबरल्या. आम्ही किती सामान आणलं असं त्यांनी विचारलं. त्या स्वतः महिनाभर फिरायला जातात तेव्हा पाठीवर एक पिशवी नेतात म्हणाल्या. त्यांना आत्या, मेहुणा, ओटी, नाका यांतलं काहीच लागत नाही. मला क्षणभर हेवा वाटला, मग दया आली, मग आपण कोण दया करणारे, असं वाटलं.

बारशाच्या दिवशी सकाळी मुक्ताच्या मैत्रिणी आल्या, आणि शेजारच्या बाईही आल्या. विकतच्या पाळण्याखालून काही फिरवता येईना, कारण खाली फळी होती. जावयाने कपडे वाळवायची वेताची टोपली धुऊन दोन खुर्च्यांवर बसवली. शैलाने तिला साडी गुंडाळली. लाटणं काढून ठेवलेलं होतं. मीच काढलं होतं.

मुक्ताने आक्काला व्हिडिओ कॉल लावला. आक्का दिसली ती नव्या लुगड्यात, आणि तिच्या मागे निळे, नारिंगी तंबू. घरी व्हिडिओपुरती रेंज येत नाही म्हणून ती धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडे जाऊन बसली होती, वायफायसाठी. तिच्या मांडीवर पिवळं टोपडं घातलेला गोप्या होता.

"लाटनं फिरवनार हाय का काय?" आक्काने विचारलं.

मुक्ताने लाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग लाटणं उचलून ओट्यावर ठेवून आली आणि फोन दोन्ही हातांत घेतला.

"आत्या, गोप्याला घट्ट धर. फिरवते."

"कुनाला?"

"तुला. त्याला घेऊन बस."

आणि तिने देवाचं नाव घेऊन फोन टोपलीखालून पलीकडे मैत्रिणीच्या हातात दिला. मैत्रिणीने वरून पुढचीला दिला. आक्काचा आवाज टोपलीभोवती फिरू लागला. "अगं हळू. समदं उलटं झालं. ह्ये काय, खुर्ची का? पोरगी कुटं हाय?" शेजारच्या बाईंच्या हातात फोन आला तेव्हा त्यांनी तो तळहातांवर आडवा धरला, आणि आपल्या भाषेत काहीतरी मायेचं बोलल्या. आक्का म्हणाली, "व्हय बाई, व्हय." शैला हसत होती आणि डोळे पुसत होती. एका फेरीत मला गोप्याचं टोपडं दिसलं, पुढच्या फेरीत आक्काचा पदर.

मग बाळाला फिरवलं, टोपलीत घातलं, आणि मुक्ताने फोन बाळाच्या कानाशी धरला. आक्काने नाव सांगितलं : रेवा. कानात हळू सांगायचं असतं, पण आक्काला फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळ्या घराला आणि बहुधा धरणाकाठच्या सगळ्या तंबूंना ऐकू गेलं.

बायका पेढ्यांकडे वळल्या आणि फोन माझ्या हातात आला. मी खिडकीशी गेलो. आक्काने गोप्याचं टोपडं काढलं होतं आणि ती ते घडी करत होती.

"आक्का, ते विमानवाल्यांनी..."

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "शैलानं सांगितलंय मला समदं, त्याच दिशी. इमानात बसायच्या आदी."

तिच्या मागून एक पर्यटक मुलगा चहाचा कप घेऊन गेला. आक्का फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की मला नुसतं कपाळ आणि त्यावरचं गोंदण दिसत होतं.

"एवढंच सांग बाळू. माझं वजन किती भरलं?"

सगळं आयुष्य मी स्टोअर्समध्ये काढलं आहे. "आक्का, बॅटरी संपत आलीय," एवढंच मी म्हणालो. बॅटरी भरपूर होती.